पाहुण्याआधीचा घास

आज ऑफिसचा जिना चढताना वरून धुराचा वास आला. घाबरवणारा नाही, गोवऱ्यांच्या आगटीचा. म्हणजे मॅडम माझ्याआधी पोहोचल्या होत्या, आणि घरून सरळ न येता कुठल्या तरी रानाला वळसा घालून आल्या होत्या. आत गेले तर बंद लॅपटॉपवर वर्तमानपत्राचा कागद, कागदावर हिरव्यागार दाण्यांचा ढीग आणि कडेला शेंगाचटणीची पुडी. मॅडम फोनवर कुणा कारखान्याच्या मॅनेजरला सांगत होत्या, "नाही हो, माफी मागताना मध्ये 'परंतु' घालायचा नाही. 'परंतु' आला की माफी गेली." बोलता बोलता त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

मी मूठभर दाणे तोंडात टाकले. अजून कोमट होते. दाताखाली आधी किंचित चिवट, मग एकदम मऊ आणि मग तो हिरवा, दुधाळ गोडवा. पाठोपाठ चटणीचा ठसका. खिडकीतून जानेवारीचं ऊन येत होतं. सोलापूरचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटावं असे दिवस आमच्या वाट्याला फार येत नाहीत. हे त्यातले.

ज्वारीच्या कणसात आधी दूध भरतं, मग ते घट्ट होतं, मग त्याचं धान्य होतं. दूध आणि धान्य यांच्या मधल्या थोड्या दिवसांत कणीस भाजलं तर तो हुरडा. घाई केली तर हाती फोलपटं, उशीर केला तर दातांची परीक्षा. हा ऋतू कुणासाठी थांबत नाही. मला तो दरवर्षी नव्याने आवडतो आणि दरवर्षी त्याच एका हिवाळ्यात नेऊन सोडतो. मी नोकरीला लागले त्या पहिल्या हिवाळ्यात.

नोकरी काय, हे तेव्हा मला आईलासुद्धा सांगता येत नव्हतं. मॅडमचं नाव गिरिजा, आणि नावाखाली पाटीवर लिहिलेलं: स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन्स कन्सल्टंट. रंगाऱ्याने त्यातलं 'कम्युनिकेशन्स' जरा जास्तच प्रेमाने रंगवलं होतं, त्यामुळे लोक जिना चढून यायचे आणि सिमकार्ड मागायचे. एक आजोबा तर रोज यायचे. त्यांचा फोन जुना होता, आवाज यायचा नाही. मॅडमनी एकदाही त्यांना खालच्या मोबाइलच्या दुकानात पाठवलं नाही. फोन हातात घ्यायच्या, आवाजाचं बटण वर करायच्या आणि परत द्यायच्या. "हे पण आपलंच काम की," म्हणायच्या, "ऐकू येत नव्हतं, आता येतंय."

आई शेजारच्या काकूंना सांगायची, "जाहिरातीत आहे." शेजारच्या काकूंनी बरेच दिवस मला टीव्हीवर शोधलं.

खरं काम असं की एखाद्या रुग्णालयात, कारखान्यात, शाळेत काही बिनसलं, लोक चिडले, अफवा उठली, की तिथली माणसं मॅडमकडे यायची. आता काय बोलायचं, कुणी बोलायचं, कधी गप्प बसायचं, हे मॅडम ठरवून द्यायच्या. पुण्या-मुंबईत मोठमोठ्या कंपन्यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं होतं. काचेच्या इमारती, विमानाच्या फेऱ्या सगळं झालं होतं. मग एके दिवशी त्या सोलापूरला परतल्या. का, असं विचारलं की प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळायचं. मला मिळालेलं उत्तर: "तिकडं भाकरी जाड करतात गं."

मूळच्या त्या दुधनीच्या. घरी कन्नड, दारात मराठी. वडिलांची आडत. लहानपणी त्या आडतीच्या गादीवर बसून गिऱ्हाइकं बघायच्या. त्या काळी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरायचा. वर तोंडाने हवापाण्याच्या गप्पा आणि खाली बोटांचा खरा सौदा. "मी सगळं तिथं शिकले," त्या सांगायच्या. "माणसाच्या तोंडाकडं बघू नको, रुमालाकडं बघ." मोठ्यांदा हसायच्या, मीटिंगच्या ऐन मध्यात आईचा फोन घ्यायच्या आणि समोर कुणी का बसलेलं असेना, आधी "ऊट आतेनव्वा?" म्हणून तिचं जेवण झालं का ते विचारायच्या. समोरचे साहेब लोक थांबायचे. थांबलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पुष्कळ वाचता येतं, हे मला हळूहळू कळलं. मॅडमना ते आधीच माहीत होतं.

आणि त्यांच्या या बोलण्याच्या दुकानात मी. इंग्रजी शाळेत वाढलेली. वर्गात मराठी बोललं की बाई डोळे वटारायच्या. घरी इंग्रजी बोललं की चुलतभाऊ हसायचे. मग मी दोन्हीकडे कमी बोलायची सोय करून घेतली. मुलाखतीत मॅडमनी विचारलं, "तुला काय येतं?" मी खाली बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या डाव्या चपलेचा अंगठा शिवायला झालाय." त्या चपलेकडे बघून खो खो हसल्या. "ये उद्यापासून. बोलायला मी आहे की. मला बघणारी पाहिजे."

तर त्या हिवाळ्यात एका सकाळी मालनकाकूंचा फोन आला. अक्कलकोट रस्त्याला त्यांचं रान. घरची मेंढरं, ज्वारी, आणि काकूंनी स्वतःच्या हिमतीवर सुरू केलेला हुरडा. लिंबाखाली बाजा टाकायच्या, आगटी पेटवायची, शहरातून येणाऱ्यांना पोटभर खायला घालायचं. मॅडम त्यांच्या दरवर्षीच्या पाहुण्या. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला.

"बाई, तुमी ते लोकांची तोंडं सांभाळायचं काम करता न्हवं? माजं एक काम हाय. लई निकडीचं."

आमच्या व्यवसायाची याहून नेमकी व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही.

झालं होतं असं. हुरड्याला आलेल्या एका मुलीने व्हिडिओ काढला होता. त्यात ती प्रेमाने म्हणते, "काकू, तुम्ही पण खा ना." आणि मालनकाकू हात मागे घेऊन म्हणतात, "न्हाय न्हाय. आमी न्हाय खात." तेवढाच तुकडा कुणीतरी कापला आणि वर लिहिलं: विकणारे स्वतः का खात नाहीत? मग खाली ज्याला जे सुचेल ते. औषध मारलेलं असणार. आपण कशाला विषाची परीक्षा घ्या. संक्रांतीचे दिवस तोंडावर, हुरडा ऐन भरात, आणि ठरलेले पाहुणे एकामागून एक फोन करून येणार नाही म्हणत होते.

आम्ही मॅडमच्या स्कूटरवरून गेलो. मोकळ्या बाजा, बांधलेला रिकामा झोका, थंड आगटी. भोवती ज्वारी माणसापेक्षा उंच, कणसं वाऱ्यावर एकमेकांना धक्के देत होती. त्यांना कशाचंच काही नव्हतं. काका बांधावर मेंढरांकडे तोंड करून बसले होते.

"ह्ये म्हणत्यात, बास झाला ह्यो खेळ," मालनकाकू म्हणाल्या. "मेंढरं बरी म्हणत्यात. ती व्हिडिओ काढत न्हाईत."

मॅडम हसल्या. काकू हसल्या नाहीत. "यंदा बंद पडलं तर पुन्ना न्हाय व्हायचं बाई. मला म्हाईत हाय. मला मानसांना खायाला घालायला लई आवडतंय हो. आजून काय न्हाय."

मॅडम बाजेवर टेकल्या. मग त्यांचं नेहमीचं वाक्य: "आधी मला खरं सांगा, मग जगाला काय सांगायचं ते बघू. त्या पोरीनं खा म्हटलं तर का नाही खाल्लं?"

"पावणं बसल्यात की म्होरं! त्येंचं व्हायच्या आदी मी कशी खाऊ?"

"मग तसं सांगायचं की तिला."

"ह्ये काय सांगायचं आस्तंय व्हय? श्वास घेतीया म्हणून कोण सांगत फिरतंय?"

मी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसून खुलासा लिहायला घेतला होता. 'पारंपरिक पद्धतीने पिकवलेला, पूर्णपणे सुरक्षित हुरडा.' मॅडमनी वाकून वाचलं आणि मान हलवली. "'सुरक्षित' वाचलं की माणूस आधी घाबरतो. विमानात 'घाबरू नका' म्हणाले की कसं वाटतं?" मग मी तपासणीचा अहवाल सुचवला. काकूच म्हणाल्या, "त्यो येस्तवर ह्याची भाकरी व्हईल."

मॅडमना साधा उपाय हवा होता. लोकांनी काकूंना खाताना बघायचं. बस. पण काकू ऐकेनात.

"एक घास, काकू."

"एक काय आन् आर्धा काय. माज्या रानात पावण्याआदी घास न्हाय."

"बरं, आधी आम्ही दोघी खातो. मग तुम्ही खा."

"पावणं रानातनं गेल्याबिगर न्हाय. तुमी गेला की खाते."

"मग व्हिडिओ कोण काढणार?"

"ते तुमी बगा. तुमचं काम हाय ते."

काकांनी काढावा, तर घरच्याने काढलेलं कोण खरं मानणार? मॅडमनी एक बोर तोंडात टाकलं. मुंबईत साहेबांच्या खोल्या वाक्यावाक्याने जिंकलेली बाई लिंबाखाली बसून बोर चोखत होती आणि एका शब्दालाही पुढे सरकायला जागा नव्हती. पण त्यांनी काकूंना 'आजच्यापुरतं' म्हटलं नाही. इतर कुणी म्हटलं असतं. त्यांचा मोठेपणा मला तिथे दिसला, आणि तो मी अजून कुणाला नीट समजावू शकलेले नाही. ज्या गोष्टीमुळे समोरची बाई अडचणीत आली होती, तीच सोडून द्या असं त्या सांगणार नव्हत्या.

एवढ्यात बांधापलीकडून मोटारसायकल आली. बसूअण्णा. शेजारच्या रानाचे मालक आणि काकूंचे धंद्यातले वैरी. त्यांच्याकडे हुरड्याबरोबर मोठ्ठ्या आवाजातली गाणी आणि एक उंट होता.

"काय वैनी, आज गर्दी कमी दिसतीया?"

"व्हय. तुजा उंट धाडून दे. तेवढाच एक पावणा."

"उंट बी इचारतंय, औषिद मारलंय का म्हणून."

"मालकाच्या संगतीनं बिगाडलंय त्ये."

दोघं दीर-भावजयीसारखे भांडत होते. पण मी अण्णांच्या हातांकडे बघत होते. गाडीची किल्ली ते सारखी फिरवत होते. माणूस चिडवायला आला असता तर हात मोकळे असते. शेवटी ते गाडीवरून उतरले आणि आवाज खाली आला. "माजंबी गिऱ्हाईक तुटाय लागलंय वैनी. आदी वाटलं, बरं झालं, हिकडचं तिकडं येतील. पर लोकास्नी कुटं कळतंय, कुटला बांद कुणाचा? अक्कलकोट रोडचा हुरडा म्हणलं की फोन ठेवत्यात."

"मग मी काय करू?"

"एकदा खाऊन दाव की सगळ्यांम्होरं."

"माज्या रानात? पावण्याआदी? तुज्या आईनं ह्येच शिकवलं व्हय तुला?"

"मग माज्या रानात खा!" अण्णा वैतागून म्हणाले. "तितं तर तू पावणी हाईस!"

"कदी बोलावलंस का एवढ्या वर्सांत?"

अण्णांच्या हातातली किल्ली फिरायची थांबली. मॅडम काहीतरी बोलायला तोंड उघडत होत्या. त्या बोलल्या असत्या तर फार छान बोलल्या असत्या. पण त्याआधी कुणीतरी म्हणालं, "मग बोलवा की."

तो आवाज माझा होता. शेवटच्या 'की'सकट. सगळे माझ्याकडे बघायला लागले, बांधावरचे काकासुद्धा. माझे कान तापले. मग अण्णांनी कपाळावर हात मारला. "हौदल्ला! खरंच की! हे पोरगं बराबर बोलतंय की!"

मालनकाकूंनी पदर सारखा केला. "आसं बांदावरनं बोलावल्यालं चालत न्हाय. बायकूला घिऊन घरी ये. रीतसर सांग."

संध्याकाळी अण्णा आणि त्यांची बायको कुंकवाचा करंडा घेऊन काकूंच्या घरी गेले. मॅडम स्कूटरवर सगळा रस्ता हसत होत्या. नाक्यावर थांबून त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि फक्त एवढं म्हणाल्या, "रुमालाकडं बघत होतीस ना? शाबास."

दुसऱ्या दिवशी मालनकाकू मोरपंखी साडी नेसून, केसात शेवंती माळून बांध ओलांडून आल्या. मोकळ्या हाताने पाहुण्याने जाऊ नये म्हणून सोबत स्वतःच्या रानातल्या कणसांची पेंढी. अण्णांनी गाणी बंद केली होती. आधी काकूंची कणसं आगटीत गेली, मागून अण्णांची. शेजारपाजारचे, येणारे-जाणारे जमले. फोन माझ्या हातात होता. हलू नये म्हणून मी तो उंटाच्या खुंट्याला टेकवून धरला. उंटाला ते फारसं आवडलं नाही.

अण्णांनी गरम कणसं तळहातावर चोळली, फुंकर मारून फोलपटं उडवली आणि दाणे पळसाच्या पानावर काकूंसमोर ठेवले. "घ्या पावणं." काकूंनी एक मूठ तोंडात टाकली. काकूंनी सावकाश चावलं, डोळे मिटले, परत उघडले.

"माजा ग्वाड हाय," त्या म्हणाल्या, "पर तू करपवलास."

"काय?"

"आगटी लई पेटवलीस. शेण्या कमी घालाव्यात. आन् चटणीत लसूण कुटं हाय?" त्यांनी दुसरी मूठ भरली, तिसरी भरली. "हुरडा खायाचा आसंल तर माज्याकडं यावं म्हणावं लोकांनी."

"बगा बगा!" अण्णा ओरडले. "खातीया माज्या रानात आन् जाहिरात करतीया सोताची!"

लोक हसून हसून वाकले. अण्णांची बायको डोळ्याला पदर लावून हसत होती. काकू मात्र खात राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी असं समोर बसून, आग्रह करून, चोळून दिलेलं नव्हतं. त्या इतक्या मन लावून खात होत्या की व्हिडिओ काढतोय हे मीही विसरले.

दुसऱ्या सकाळी ऑफिसात मी विचारलं, करपल्याचं कापायचं का? मॅडम म्हणाल्या, "तेच तर ठेवायचं. भीती वाटणारा माणूस नावं ठेवत बसत नाही. चव माहीत असलेला ठेवतो." वर काय लिहायचं ते त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी लिहिलं: 'पाहुण्याआधी खायचं नाही, म्हणून मालनकाकू स्वतःच्या रानात खात नव्हत्या. काल त्या स्वतःच पाहुण्या होत्या.' मॅडमनी वाचलं आणि एक अक्षर बदललं नाही.

पुढे काय झालं ते मला धंद्याच्या भाषेत सांगता येतं, पण इथे नको वाटतं. एवढं पुरे, की जिन्यावर सिमकार्डवाले आजोबा आले आणि स्वतःच्या फोनवर मलाच तो व्हिडिओ दाखवू लागले. आवाज पूर्ण वाढवून. आणि काकूंकडे येणार नाही म्हणालेली माणसं परत विचारू लागली, करपवणारे अण्णा पण भेटतील का?

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा लिंबाखाली एकही बाज रिकामी नव्हती. गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. काका, मेंढरं सोडून, ऊस तोडून देत होते. काकू आगटीपासून पंगतीपर्यंत धावत होत्या. आम्हाला बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि माझ्या हातात दह्याचं भांडं दिलं. "त्या कडंच्या लोकास्नी वाढ."

मी वाढलं. मॅडमनी ओढणी कमरेला खोचून कणसं चोळायला घेतली. माणसं उठत होती, नवी बसत होती. हरभऱ्याचे डहाळे भाजल्याचा वास, रेवड्यांचा कुरकुर आवाज, कुणाच्या तरी बाळाच्या गालभर दही. दुपार कलली. माझ्या पोटात आग पडली होती आणि काकूंनी आम्हाला एक दाणाही विचारला नव्हता. मला जरा लागलंच. शहरात वाढलेलं मन लगेच हिशेब मांडतं, की काम झालं, आता आपण कोण! मॅडमकडे बघितलं तर त्या आपल्या हसत फुंकर मारत होत्या.

शेवटची गाडी धूळ उडवत रस्त्याला लागली. काकूंनी हात धुतले, पदराला पुसले आणि निखाऱ्यांजवळ मांडी घालून बसल्या. कुणाचा फोन बाहेर नव्हता. त्यांनी राखेतून उरलेली चार कणसं ओढली, चोळली, आणि आमच्या अगदी समोर, आमच्याकडे न बघता, पहिली मूठ स्वतःच्या तोंडात टाकली. मग तोंड भरलेलं असतानाच बसायचं पोतं माझ्याकडे सरकवलं.

"बस की. उबी काय ऱ्हायलीस पावण्यावानी?"

मी बसले आणि दोन्ही हात पुढे केले.